लैलाची पारख

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. त्या साली पावसानं अख्खा ऑगस्ट दडी मारली. माळावरचं गवत हिरवं व्हायच्या आतच करपलं आणि नांदूरघाटाच्या वरच्या अंगाला राहणारे मेंढपाळ दसऱ्याची वाट न बघता कळप बाहेर काढायची भाषा बोलू लागले. त्याच साली जानकीबाईंच्या धाकट्या मुलानं, सोमेश्वरनं, मस्कतहून फोन करून सांगितलं, "माय, मी कायमचा घरी येतो. पण एकटा न्हाई येणार."

जानकीबाईंना वाटलं, पोरानं तिकडं कुणी बाई बघितली. बरंच झालं म्हणायचं. पहिली बायको माहेरी गेली ती परत आलीच नव्हती. काळी असो, गोरी असो, कोणत्याही देवाची असो, आपल्या पोराला ताटावर बसवून वाढणारी असली म्हणजे झालं. त्या म्हणाल्या, "आण की बाबा. कोण हाय?"

"कुत्री हाय," सोमेश्वर म्हणाला. "लैला तिचं नाव."

वस्तीवर ही बातमी दुपारपर्यंत पोचली. शेजारचा रामकिसन तंबाखू मळत दारात आला. "लैला येनार म्हंजी मजनूचं तिकीट बी काढा, काकू. न्हाईतर आपल्या खंड्याला तरी दाढी करून ठिवा."

खंड्या म्हणजे घरचा राखणीचा कुत्रा. सगळे हसले. जानकीबाईसुद्धा हसल्या. पण चुलीपाशी परत बसल्यावर त्यांचं हसू गेलं.

सोमेश्वर मस्कतला पाण्याचा टँकर चालवायचा. जाऊन नऊ वर्षं झाली होती. मधल्या काळात त्याचे वडील, आप्पाराव, गेले. तेव्हा त्याला सुट्टी मिळाली नाही, विमानंही धड चालू नव्हती. बापाची माती पोरानं मोबाइलवर पाहिली. थोरल्यानं, भागवतनं, फोन उंच धरला होता आणि त्या काचेत सोमेश्वरचं तोंड दिसत होतं, रडत नसलेलं. तिथून पुढं तो बोलायचाच बंद झाला. जेवलास का? जेवलो. तब्येत? बरी हाय. एवढ्यावर फोन संपायचा. मग कधीतरी त्याच्या खोलीतल्या एकानं त्याला शुक्रवारी कुत्र्यांच्या निवाऱ्यावर साफसफाईला नेलं. एक म्हातारी गोरी मॅडम तो निवारा चालवायची. तिथं ही लैला होती. शिकारी लोकांनी वाळवंटात सोडून दिलेली, हाडं मोजावीत अशी.

"तिनं मांडीवर डोकं ठेवलं, माय, तवा मी आप्पांसाठी पहिल्यांदा रडलो," असं तो एकदा म्हणाला होता.

आता त्या मॅडमला जागा सोडावी लागणार होती. वर्ष संपायच्या आत सगळ्या कुत्र्यांना घरं शोधायची होती. कुणी विलायतेला चाललं होतं, कुणी जर्मनीला. लैलाला कुणी घेत नव्हतं.

"आनि न्हाई आणता आली तर?" जानकीबाईंनी विचारलं.

सोमेश्वरनं पलीकडचा पंखा बंद केला. "तर मग करार वाढवतो. तीन वर्सं अजून. तिला घिऊन हितंच खोली करतो."

जानकीबाईंनी फोन ठेवला. तीन वर्षं. आपण असू की नसू. आपली मातीसुद्धा पोरगं काचेतूनच बघणार.

घरात विचार सुरू झाला. सून मनिषा रोखठोक. ती म्हणाली, "आत्या, भावजी आले तर मला आनंदच हाय. पन परदेशातलं कुत्रं ह्या माळावर कावून? हितं खायला माणसाला भाकर कोरडी, अन् त्याला काय बिस्किटं भिजवून घालायची?"

भागवत म्हणाला, "कुत्र्याला नको कोन म्हणतंय? खंड्या म्हातारा झालाय. पन पारख झाल्याबिगर कुत्रं आपल्या मेंढरात येत न्हाई. मग ते मस्कतचं असू दे न्हाईतर माजलगावचं."

ही पारख त्या घरात पणज्यापासून चालत आलेली. कुत्रं घ्यायचं ठरलं की ते दावणीला बसवायचं आणि त्याच्यासमोर कोकरं सोडायची. दिवसभर वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात कोंडलेली कोकरं संध्याकाळी आयांकडं उधळतात, तो सगळ्यात मोठा गोंधळ. त्या वेळी कुत्रं भुंकलं तर ते भित्रं. मागं धावलं तर चोर. आणि हनुवटी जमिनीला टेकवून गप बघत राहिलं, तर ते आपलं. खंड्या असाच निवडला होता. खंड्याच्या आईचीही तीच रीत.

त्या संध्याकाळी भागवतनं मोबाइल खांबाला टेकवून उभा केला. पलीकडं सोमेश्वरनं आपला फोन लैलासमोर धरला. काचेत ती जानकीबाईंना पहिल्यांदा दिसली. वाळूच्या रंगाची, लांबोडक्या तोंडाची, पोट पाठीला लागलेलं, कानांवर मऊ लांब केस, जसे एखाद्या पोरीनं बट सोडलेली असते. आधी ती फोनकडं बघायलाच तयार नव्हती.

"सोड गं!" भागवत ओरडला. मनिषानं वाघर उचलली. कोकरं बें बें करत धुळीतून सुटली. पाच वर्षांची आरोही, भागवतची लेक, त्यांच्यामागं हात पसरून पळत सुटली. तिचा तो रोजचा खेळ.

काचेत लैलानं मान वर केली. मग हळूच हनुवटी पुढच्या पायांवर टेकवली आणि बघत राहिली. भुंकली नाही. हलली नाही.

"पास!" भागवतनं मांडीवर थाप मारली. "बघ माय! खंड्या बी पहिल्या दिवशी एवढा गप नव्हता. सोम्या, आण बे तुझी लैला!"

पलीकडून सोमेश्वर हसला. कितीतरी दिवसांनी हसला.

जानकीबाईंनी चष्मा पुसला आणि फोन डोळ्यांजवळ घेतला. कुत्रीची हनुवटी जमिनीला होती हे खरंच. पण मागचे दोन्ही पाय पोटाखाली गोळा झाले होते, आणि मांडीवरचं कातडं बारीक थरथरत होतं, रस्त्यानं ट्रक गेला की रांजणातलं पाणी थरथरतं तसं. आणि पायांचे पंजे लाल होते.

"तिच्या पायाला काय लागलंय रे?"

"मेंदी हाय, माय. तिकडं शिकारी लोक लावतेत. वाळूत तळवे पोळू न्हाईत म्हणून."

"मेंदी!" मनिषा म्हणाली. "आता बाई नवरीच की. चुडा तेवढा ऱ्हायला."

जानकीबाई त्या थट्टेत सामील झाल्या नाहीत. असं कुत्रं त्यांनी पूर्वी पाहिलं होतं. त्यांचं माहेर सिरसाळ्याकडं. तिथं त्यांच्या लहानपणी कारवानी कुत्री असत, याच घडणीची, अशीच लांबोडकी आणि मुकी. ज्वारी निघाली की माणसं रिकाम्या रानातून ओळीनं चालायची आणि कारवानी त्यांच्या बरोबरीनं, मान खाली घालून, देवळात निघाल्यासारखी. ससा उठला की कुत्रं गेलेलं कुणाला दिसायचं नाही. नुसती धुळीची रेघ दिसायची. आणि रेघ थांबली की सशाचा आवाज, तान्ह्या पोराच्या रडण्यासारखा. हीच कुत्री घरात पोरांकडून कान ओढून घ्यायची. पण जानकीबाईंचे वडील सटवा, ते कारवानीला वाघरीच्या आसपास फिरकू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "हे कुत्रं वाईट न्हाई गं. पन पळणारं दिसलं की ते कुत्रं ऱ्हात न्हाई."

सासरी कारवानी कुणी पाळलेला नव्हता. भागवतनं आयुष्यभर राखणीचीच कुत्री पाहिली. त्याला गप बसणं एकाच तऱ्हेचं ठाऊक.

"जरा दमानं घिऊ," जानकीबाई म्हणाल्या. "इचार करू."

"आता काय इचार?" भागवत म्हणाला. "सोम्याला बोलीव, सोम्याला बोलीव म्हणून तूच डोकं खात हुतीस ना? आता येतो म्हणतो तर दमानं?"

सांगायला एकच वाक्य पुरेसं होतं. ते त्यांनी गिळलं. उद्या सांगू असं मनाशी म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सोमेश्वरचा फोन आला तेव्हा तो सांगत होता की तो लैलाला मराठी शिकवतोय. "ये म्हटलं की येती. बस म्हटलं की बसती. 'भाकर' म्हणलं की कान उभे करती." आवाज एवढा मोकळा की जणू नऊ वर्षांपूर्वीचाच पोरगा. जानकीबाईंनी ते वाक्य पुन्हा उद्यावर टाकलं.

दुपारी त्या ओसरीवर आडव्या व्हायच्या. टेकडीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्यापासून माळावर दिवसभर एक घूं घूं असायची. पाती फिरली की लांबलचक सावल्या वाघरीवरून सरकत जायच्या आणि मेंढ्या एकदम माना वळवायच्या, मग परत रवंथ करू लागायच्या. आजवर जानकीबाईंना त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या दिवसांत मात्र सावली आली की त्या उठून बसायच्या आणि आरोहीला हाक मारायच्या. पोर "काय आजी?" म्हणून धावत यायची. काही काम नसायचं. "चालत ये की गं," एवढंच त्या म्हणायच्या.

गणपती गेले. पितृपक्ष लागला. एक दिवस सोमेश्वरनं सांगितलं, मॅडमला घर बघायचंय, फोनवरून. लैला जाणार ते घर कसंय, माणसं कशी हायत, सगळं त्या इचारणार. "घर सारवून घ्या, वहिनी. आनि एक..." तो थांबला. "मेंढरं दिसू दिऊ नका."

"कावून?" मनिषानं विचारलं.

"त्यांना गडबड आवडत न्हाई."

फोन ठेवल्यावर मनिषा कमरेवर हात देऊन उभी राहिली. "आत्या, आपल्या बी मेंढ्या लपवायच्या? आपुन मेंढपाळ हावोत का मेंढीचोर?"

भागवतला त्यात काही वावगं दिसलं नाही. "अगं, शहरी बाया. लेंड्या बघून नाक मुरडतेत. मी असाही कळप घिऊन ओढ्याच्या पल्याड जानार हाय." त्यानं काठी उचलली, खंड्याला शीळ घातली आणि गेला.

जानकीबाई मात्र जागच्या जागी थिजल्या. ज्याला मेंढरांच्या जिवाची भीती नाही तो मेंढरं लपवायला सांगत नाही. पोराला ठाऊक आहे. आपल्याला वाटत होतं की एकट्या आपल्यालाच ठाऊक आहे.

तरी त्यांनीच वाघर गुंडाळून मागं नेली. घोंगडी उचलली. लेंड्या झाडल्या आणि अंगणात सडा घातला. कळपाबरोबर चालू न शकणारं एक अशक्त कोकरू उरलं होतं, ते आरोहीच्या मांडीवर देऊन तिला घरामागं बसवलं. "बाटलीनं पाज. तोंड उघडू दिऊ नको त्याला."

मॅडम काचेत आली. पांढरे केस, उन्हानं रापलेलं तोंड, हातावर कुत्र्यांच्या नखांचे ओरखडे. जानकीबाईंना ती आवडली. कष्टाची बाई दिसत होती. काचेच्या दुसऱ्या कोपऱ्यात सोमेश्वर, मधे बोलायला.

"त्या इचारतेत, लैला झोपल कुठं?"

"माझ्या खाटंखाली."

"बांधून ठिवणार का?"

"न्हाई."

"एकटी सोडून सगळे बाहेर जानार का?"

"मी कुठं जातीय आता."

मनिषा मागून पुटपुटली, "आत्या, मला बघायला आलते तवा माझ्यासाठी एवढं कुनी इचारलं न्हाई."

जानकीबाईंनी हसू दाबलं. तेवढ्यात घरामागं कोकरू ओरडलं. एकदाच, बारीक.

मॅडम बोलता बोलता थांबली. सोमेश्वर घाईनं म्हणाला, "त्या इचारतेत, शेजारीपाजारी कसे हायत."

पण मॅडम त्याच्याकडं बघतच नव्हती. ती काचेतून सरळ जानकीबाईंकडं बघत होती. तिनं तोंडाशी हात नेला आणि मेंढीसारखा आवाज काढला. "बॅऽ. बॅऽ." मग टेबलावर दोन बोटं तुरुतुरु पळवली. मागून दुसरा हात आणला आणि ती बोटं मुठीत धरून आवळली. मान हलवली, नाही नाही. मग बोट जानकीबाईंकडं केलं आणि भुवया वर केल्या. तुमच्याकडं आहेत का?

मधे कुठली भाषाच राहिली नव्हती. समजलं नाही म्हणायची सोय नव्हती. जानकीबाईंनी काचेच्या कोपऱ्यात पाहिलं. सोमेश्वरनं मान खाली घातली होती. कानशिलावर केस पिकले होते पोराचे. हे कधी पिकले?

जानकीबाईंनी मान हलवली. "न्हाई. शेजाऱ्याचं हाय."

मॅडम आणखी थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिनं छातीवर हात ठेवला आणि डोळे पुसले.

सोमेश्वर लैलाला घेऊन दिवाळी झाल्यावर आला. मुंबईला विमानतळावर तिची तपासणी झाली, सुयांचे कागद बघितले, आणि मग भाड्याच्या जीपनं दोघं माळावर पोचले. जानकीबाईंनी दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. सोमेश्वर त्यांच्या पायांवर वाकला तो उठेचना. त्या त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. कुत्री बाजूला उभी होती, हूं नाही की चूं नाही. पंज्यांची मेंदी उतरून फिकी तांबूस झाली होती.

खंड्या आला. त्याच्या गळ्यात लांडग्यासाठी काट्यांचा पट्टा असायचा. वस्तीवरच्या कुठल्याही नव्या कुत्र्याला त्यानं आजवर लोळवल्याशिवाय सोडलं नव्हतं. त्यानं लैलाला लांबूनच हुंगलं, मागं सरला आणि निघून गेला. लांडगा टेकडीकडून येतो, म्हणून खंड्या जन्मभर टेकडीकडं तोंड करून झोपत आला होता. त्या दिवसापासून तो घराकडं तोंड करून झोपू लागला.

"म्हातारा झाला," भागवत म्हणाला. "दिशा समजंना त्याला."

पुढचे दिवस खरं तर सुखाचे होते. सोमेश्वर आईच्या हातची भाकरी ठेच्याबरोबर खायचा, भागवतबरोबर रानात जायचा, रामकिसनला मस्कतच्या गमती सांगायचा. आरोहीनं लैलाच्या कानांच्या केसांना रिबिनी बांधल्या. कुत्री डोळे मिटून बसून राहायची. मनिषासुद्धा विरघळली. "जीवच सोजवळ हाय बाई. आपल्यातल्या कैक बायांपेक्षा बरी." जानकीबाईंना किती वर्षांनी गाढ झोप लागू लागली. खाटेखाली कुत्रीचा श्वास आणि पलीकडच्या खाटेवर पोराचा.

फक्त संध्याकाळ आली की त्या उठायच्या. मेंढ्या विऊ लागल्या होत्या, वाघर कोकरांनी भरली होती. कोकरं सोडायच्या आधी त्या लैलाला आतल्या खोलीत घालायच्या आणि कडी लावायच्या. कधी त्यांच्या आधी सोमेश्वरच कडीपाशी असायचा. कधी दोघांचे हात एकदमच कडीवर पडायचे. तेव्हा दोघं एकमेकांकडं बघायचे नाहीत. बाहेर कोकरं उधळली की आत दारावर काही आपटायचं नाही, ओरखडायचं नाही, काहीच नाही. जानकीबाईंना वाटायचं, निदान भुंकली असती तर बरं झालं असतं. एकदा त्यांनी फटीतून पाहिलं. कुत्री दारापासून एका हातावर उभी होती, पुढचा एक पाय उचललेला, आणि फटीतून नेमकी त्यांच्याच डोळ्यांत बघत होती.

मनिषानं विचारलं, "रोज कावून कोंडता तिला, आत्या?"

"कोकरांच्या पायात येईल," त्या म्हणाल्या. सोमेश्वर बादली उचलून बाहेर गेला.

मार्गशीर्षात चंपाषष्ठी आली. खंडोबाची सट. कुत्रं हे खंडोबाचं. त्या दिवशी त्या घरात वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा पहिल्यांदा कुत्र्यापुढं ठेवतात, मग माणसं जेवतात. आणि सटीला कुत्र्याला बांधायचं नाही, हाकलायचं नाही, दार लावून कोंडायचं नाही. ही रीत जानकीबाईंनीच मनिषाला लग्नानंतरच्या पहिल्या सटीला शिकवली होती.

सकाळी दोन्ही कुत्र्यांना नैवेद्य दाखवला. खंड्यानं खाल्ला नाही. दुपारनंतर टेकडीवरच्या खंडोबाला तळी भरायची होती. आप्पाराव गेल्यापासून घरची तळी एकटा भागवतच उचलत आला होता, म्हणून त्या वर्षी सोमेश्वरनं जावं असं ठरलं. जानकीबाई त्याच्या खांद्याला धरून निघाल्या. निघताना त्यांनी लैलाला आत घातलं, कडी लावली आणि मनिषाला सांगितलं, "आमी आल्याबिगर उघडू नको." कारण सांगितलं नाही. चढ चढताना सोमेश्वर म्हणाला, "माय, कोकरं सोडायच्या आत येऊ ना आपुन?" "येऊ की," त्या म्हणाल्या. त्या विषयावर मायलेकांचं झालेलं एवढंच काय ते बोलणं.

वर गर्दी होती. भंडारा उधळला, तळी उचलली, ओळखीची माणसं भेटली. सोमेश्वरला सगळे थांबवून थांबवून विचारत होते. जानकीबाई मिरवत होत्या, दुसरा शब्द नाही. ऊन कलल्याचं त्यांच्या लक्षात आलं ते पवनचक्कीची सावली पायांवरून सरकली तेव्हा.

त्या अर्ध्या उतारावर असताना खाली वस्ती दिसली. अंगणात मनिषा आणि भागवत. आतल्या खोलीचं दार उघडं. नंतर समजलं ते असं: मनिषा म्हणाली, "आत्यांनी उघडू नको म्हणलंय, पन आज सट हाय. त्यांनीच शिकवलंय, कुत्रं कोंडायचं न्हाई. इसरल्या असतील." आणि भागवत म्हणाला, "उघड. पारख माझ्या समोर झालीय तिची."

सोमेश्वर पळत सुटला. "दादा! कोकरं सोडू नको! दादा!" वारा त्यांच्या तोंडावर होता. आवाज मागंच गेला.

वाघर उचलली गेली. पांढरी काळी कोकरं धुळीतून सुटली आणि त्यांच्यात आरोही, छातीशी एक कोकरू कवटाळून पळत होती. लैला ओसरीच्या कडेला पडलेली होती, हनुवटी जमिनीला. मग ती तिथं नव्हती. जानकीबाईंना दिसली ती फक्त धुळीतून सरळ गेलेली रेघ. एक कोकरू वर उडालं. रेघ थांबली नाही. दुसरं. खंड्या आडवा आला, त्याला वळसा घालून रेघ पुढं गेली. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही. लांबून ते सगळं इतकं निःशब्द होतं की क्षणभर जानकीबाईंना वाटलं काहीच घडत नाहीये. मग आरोही पडली आणि तिचा आवाज टेकडीपर्यंत आला.

कुत्री पोरीवर गेली नव्हती, तिच्या छातीशी धरलेल्या कोकरावर गेली होती. पण कोकरापर्यंत पोचायला मधे पोरीचा गाल होता, कान होता, खांदा होता.

जानकीबाई खाली पोचल्या तेव्हा मनिषानं पोरीला पदरात गुंडाळलं होतं आणि रामकिसननं मोटरसायकल चालू केली होती. पदर लाल होत चालला होता. लैला सोमेश्वरच्या पायाशी येऊन पडली होती, शांत, तोंड रक्तानं माखलेलं, एखादं काम नीट पार पाडून आलेल्या जनावरासारखी. भागवत कुऱ्हाड घेऊन आला.

"बाजूला हो, सोम्या!"

सोमेश्वर कुत्रीवर पालथा पडला. "दादा, मला मार. तिचं काय चुकलं सांग. तिला काय ठावं?"

"मी पारख केली हुती!" भागवत ओरडत होता. "माझ्या डोळ्यानं केली हुती! गप बसली हुती ती!"

"त्या मॅडमनं सांगितलं हुतं दादा. मेंढरांत दिऊ नका म्हणून."

मोटरसायकलवर बसता बसता मनिषा वळली. "काय सांगितलं हुतं? कुनाकुनाला ठावं हुतं हे?"

सोमेश्वरनं मान वर केली. त्यानं आईकडं पाहिलं. जानकीबाईंनी नजर लाल झालेल्या पदराकडं वळवली. सटवाचं वाक्य, काचेतली दोन पळणारी बोटं, रोजची ती कडी, सगळं त्यांना एकदम आठवलं. आता बोललं तर मनिषा भागवतचंही घर सोडून जाईल म्हणून त्या बोलल्या नाहीत, का ते निव्वळ भय होतं, हे त्यांना नंतरही ठरवता आलं नाही.

"मला," सोमेश्वर म्हणाला. "एकट्याला."

भागवतनं कुऱ्हाड जमिनीत मारली. "दिवस मावळायच्या आत हिला घिऊन माळ सोड. परत तोंड दाखवू नको."

सोमेश्वरनं लैलाचं तोंड पाण्यानं धुतलं, बॅग घेतली आणि गाडीरस्त्यानं चालू लागला. जानकीबाई वाटेत उभ्या होत्या. त्यानं पायांना हात लावला. "तू बोलू नको, माय," एवढंच तो म्हणाला.

आरोहीला केजला आणि तिथून पुढं मोठ्या दवाखान्यात नेलं. सुया झाल्या, टाके पडले. आता ती तिसरीत आहे. गालापासून कानापर्यंतचा व्रण केसांखाली झाकते. कुत्र्यांना ती भीत नाही. पण ती पळत नाही. शाळेत पळायच्या शर्यतीत बाईंनी उभं केलं, तर शिट्टी वाजल्यावर चालत गेली.

मनिषा पोरीला घेऊन काही महिने माहेरी राहिली, मग परत आली. सासूशी तिचं वागणं पूर्वीसारखंच आहे, जेवणखाण वेळेवर. मात्र सट आली की ती रोडगा करत नाही आणि जानकीबाई कर म्हणत नाहीत.

भागवत भावाचं नाव घेत नाही. नवं कुत्रं घ्यायचं झालं तेव्हा त्यानं पारख केली नाही. कुणीतरी आणून दिलेलं पिल्लू त्यानं न बघताच घेतलं. खंड्या त्याच उन्हाळ्यात गेला. त्याला ओढ्याच्या काठी पुरलं.

सोमेश्वर पुण्याच्या बाहेर एका कारखान्याच्या गोदामावर राखणदार आहे. पत्र्याच्या खोलीत तो आणि लैला राहतात. तिथं पळणारं काही नाही, नुसता डांबरी चौक आणि भिंती. कुत्री आता मागच्या पायांनी अधू झाली आहे. मॅडम कुठल्याशा थंड देशात आपल्या बहिणीकडं राहायला गेली. तिला तो अजून लैलाचे फोटो पाठवतो. ती समजते की कुत्री बीड जिल्ह्यातल्या एका अंगणात, एका म्हातारीच्या खाटेखाली सुखात आहे.

जानकीबाई आहेत. रविवारी भागवत रानात गेला की सोमेश्वरचा फोन येतो. जेवलास का? जेवलो. तब्येत? बरी हाय. बाजारात कुणी बाया भेटतात, हळहळतात, म्हणतात, "धाकट्यानं एका कुत्रीपायी माय सोडली, घर सोडलं. काय म्हणावं असल्या पोराला?" जानकीबाई पिशवी या हातातून त्या हातात घेतात आणि म्हणतात, "नशीब एकेकाचं."